हिरव्या चपलांचा नंबर

परळच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात पहाटे रांगेत माणसं नसतात, चपला असतात. माणसं भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. मधूनच कुणीतरी उठतो, पायाने सगळ्यांच्या चपला एकेक करून पुढे सारतो, परत बसतो. सर्र, सर्र. तेवढाच आवाज.

माझी शाळा सातवीत सुटली. मराठवाड्यातून बायकोला घेऊन इथे आलो, ते तिच्या गळ्यातल्या गाठीमुळे. गाठ श्वासनळीवर दाबत होती. दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर प्लास्टिकखाली राहायचो. दर मंगळवारी डॉक्टर तपासायचे. ऑपरेशनची तारीख त्यांच्याच हातात. केसपेपरच्या खिडकीवर नंबर चुकला, की पुढचा मंगळवार. बायकोचा श्वास ऐकत मी मंगळवार मोजायचो.

पहिल्याच मंगळवारी माझ्यापुढे बाईच्या हिरव्या चपला होत्या. एका पट्ट्याला सेफ्टी पिन. खिडकी उघडली तरी त्या घालायला कुणी आलं नाही. मला वाटलं, कुणीतरी विसरलं असेल. मी उचलून बाजूला ठेवल्या.

भिंतीपाशी बसलेल्या सगळ्यांनी एकदम डोळे उघडले.

"मेल्या, कोणाच्या चपला उचलतोस?" लालबागच्या एक म्हाताऱ्या मावशी ओरडल्या. त्या नवऱ्याच्या औषधाला यायच्या. "ठेव तिथल्या तिथे!"

"मावशी, माणूसच नाही ना."

"पोराला घेऊन वर वॉर्डात गेली. खाली आलीच नाही."

"कधी गेली?"

मावशींनी बोटाने चपलांची जागा दाखवली. "आली तर नंबर नको गेलेला," एवढंच म्हणाल्या.

मी घाबरत चपला परत ठेवल्या. खिडकीशी पोहोचल्या की मावशी त्या उचलून शेवटी नेऊन ठेवायच्या, आणि त्या पुन्हा पुढे सरकायला लागायच्या. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. पावसाच्या सरीत भिजल्या, वाळल्या. धूळ मात्र त्यांच्यावर कधी दिसली नाही.

मग तो मंगळवार आला. रांगेत चपला ठेवून बसलो होतो, तेवढ्यात बाजूच्या प्लास्टिकमधला माणूस धावत आला. "चल रे लवकर, वहिनीला श्वास घेता येईना!" मी अनवाणीच पळालो. तिचे ओठ काळेनिळे. पाठ चोळली, उभी धरली, हळूहळू श्वास सुरू झाला. तिला खांद्यावर घेऊन परत आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. नंबर गेला, हे मी मनात धरूनच आलो होतो.

खिडकीपुढे कुणीच उभं नव्हतं. तिथे माझ्या चपला होत्या, खिडकीकडे तोंड करून. शेजारी हिरव्या. दोन माणसं उभी राहावीत तशा. मागे अख्खी रांग थांबलेली, आणि आतला माणूस चपलांकडे बघत म्हणत होता, "पुढचा कोण? बोला ना." कितव्यांदा म्हणत होता कोण जाणे. मी नसताना मी तिथे उभा होतो.

"आला बघा," मावशी म्हणाल्या. "घाल पायात, बघतोस काय!"

त्या दिवशी डॉक्टरांनी गाठ बघितली आणि तिला लगेच भरती करून घेतलं.

सरकार कसं असावं, ते शिकलेल्यांनी सांगावं. मला एवढंच कळलं, की या देशाने आम्हाला दारात अडवलं नाही. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. दार एवढं मोठं ठेवलं आणि आत खिडकी एकच. दाराचे उपकार मी मरेपर्यंत मानीन. पण त्या खिडकीपुढे आम्हाला सांभाळलं ते आमच्यासारख्यांनीच.

वॉर्डात जायच्या आधी मी हिरव्या चपला उचलल्या, रांगेच्या शेवटी नेऊन नीट जोडून ठेवल्या. पट्ट्याची पिन सुटली होती, ती लावली. चपला आतून कोमट होत्या. उन्हाने असतील.

बायकोने घोगऱ्या आवाजात विचारलं, "कुणाच्या हो?"

"येतील त्या," मी म्हणालो, आणि मागे न बघता तिला वर घेऊन गेलो.