हनुवटीवाल्यांची नवी बॉडी

आमच्या यांना सगळा बाजार ‘हनुवटीवाले’ म्हणतो. “हनुवटी जरा खाली... एवढी नाही हो, जमिनीत काही पुरलंय का?” हे वाक्य त्यांनी इतक्या माणसांना ऐकवलंय, की पाटीवरचं खरं नाव कुणी वाचतसुद्धा नाही. बत्तीस वर्षं आमचा स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, तिथे मी. मागे पडदा, दोन दिवे, एक स्टूल आणि हे. कॉलर सरळ करणं, केस विंचरून देणं, रडक्या पोरांना हसवणं हे माझं काम, आणि फोटो काढणं यांचं. एका माणसाला एक क्लिक. दुसऱ्यांदा क्लिक करावं लागलं तर दिवसभर तोंड पाडून बसणार.

नवा कॅमेरा घ्या म्हणून भुणभुण मीच लावली होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे दोष कुणाचा यावर वाद नको.

तोवर आमचं सगळं फिल्मवर चालायचं. पण कोपऱ्यावरचा फिल्म धुणारा दुकान गुंडाळून गेला. लोक आत यायचे, “फोटो कधी मिळेल?” विचारायचे आणि “परवा” ऐकलं की आल्या पावली परत. समोरच्या झेरॉक्सवाल्याने छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन पाच मिनिटांत फोटो द्यायला सुरुवात केली. माझा जळफळाट व्हायचा. हे मात्र ढिम्म.

“फिल्ममध्ये जीव असतो,” हे म्हणायचे.

“जीव असू दे, गिऱ्हाईक नाहीये!” मी म्हणायचे.

चार महिने असंच चाललं. मला वाटायचं, हट्टी माणूस आहे, चिक्कू आहे, वय झालं की नवं काही नको वाटतं. मी हे सगळं त्यांना तोंडावर बोलूनही दाखवलं. एकदा तर गिऱ्हाइकासमोर.

शेवटी मागच्या बोळातल्या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे एक सेकंडहँड डिजिटल बॉडी आली. नुसती बॉडी, म्हणजे भिंगाशिवायचा कॅमेरा. “भिंग तुमचं जुनंच बसेल,” तो म्हणाला, आणि यांची पळवाट संपली. अंगठा टेकतो तिथलं रबर गुळगुळीत झालेलं, एका कोपऱ्याला पोचा. बाकी ठणठणीत. मी उलटसुलट करून बघत होते. यांनी फक्त कानाशी धरली, दोनदा बटण दाबलं आणि आवाज ऐकला. “घेऊ,” म्हणाले. मला वाटलं, वा, जाणकार माणूस, नुसत्या आवाजावर पारख करतो!

आता आमच्या स्टुडिओची एक गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं स्टूल जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं होतं. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे तीन पाय कुठे टेकायचे तिथे रंगाचे तीन ठिपके. आणि भिंगाची जी रिंग फिरवून चेहरा स्पष्ट करतात, ती चिकटपट्टीने बांधून टाकलेली. अंतर तेच, रिंग तीच, मग फोटो बिघडेल कसा? चार वर्षांपूर्वी यांनी ही युक्ती केली, तेव्हा मी कौतुकाने शेजारपाजारी सांगत सुटले होते.

नव्या बॉडीने त्या युक्तीचाच घोळ केला. फिल्मच्या जागी आत जो सेन्सर असतो तो फिल्मपेक्षा लहान. त्यामुळे त्याच भिंगातून माणूस अंगावर आल्यासारखा दिसायला लागला, वरून कपाळ गेलं, खालून गळा गेला. कॅमेरा मागे सरकवणं आलं. पार भिंतीला पाठ टेकेपर्यंत सरकवला. अंतर बदललं, म्हणजे पट्टी काढणं आलं. ती काढताना हे जरा थांबले, एवढं मला आठवतं.

पहिल्या दिवशी सात माणसं झाली. मी कॉम्प्युटरवर फोटो उघडले आणि कपाळाला हात लावला. मागच्या पडद्याची शिवण टाका न् टाका मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, आणि पुढे बसलेला माणूस धुरकट. दुसऱ्या दिवशी तेच. एका बाईचा कान तेवढा सुरेख आला होता. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आम्ही काढलेला त्यांचा फोटो हातात घेऊनच आल्या. अर्जाच्या खिडकीवरच्या माणसाने तो परत केला होता. “यात तुम्ही आहात कशावरून?” असं विचारलं म्हणे त्याने.

हे लालबुंद झाले. “भंगार गळ्यात मारलंय आपल्या! चल, बघतोच त्याला.”

मीही तावातावाने निघाले. भांडायचं म्हटलं की मी दोन पावलं पुढेच असते. बोळात शिरल्यापासून मी त्या दुरुस्तीवाल्याला असं काही फैलावर घेतलं, की शेजारचा चपला शिवणारा काम सोडून उभा राहिला. दुरुस्तीवाल्याने आमची बॉडी, आमचंच भिंग घेतलं, यांच्याकडे रोखलं, रिंग किंचित फिरवली आणि क्लिक. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला. यांच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. भुवईतला एक पांढराही.

“आता तुम्ही काढा,” तो यांना म्हणाला. “वहिनींचा.”

मी दारात उभी राहिले. यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. रिंग पुढे फिरवली, मागे फिरवली, पुन्हा पुढे. माझे पाय दुखायला लागले. एका माणसाला एक क्लिक मारणारा हा माणूस, आणि बोट काही खाली जाईना. शेवटी क्लिक झालं. दुरुस्तीवाल्याने फोटो बघितला आणि मला दाखवलाच नाही. “ठेवून जा, साहेब,” अगदी हळू म्हणाला. “असेल काहीतरी आत. दोन दिवसांत बघून ठेवतो.”

त्याने आत्ताच काढलेला तो स्वच्छ फोटो मी पाहिला होता. आत काही बिघडलेलं नव्हतं.

“अहो,” मी म्हटलं, “तुम्हाला मी दिसतेय का?”

हे म्हणाले, “कडेने दिसतेस. मधोमध बघितलं की जातेस.”

आम्ही कॅमेरा घेऊन परत निघालो. रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर मी त्यांना बसवलं, आणि मग मला सगळं एकेक करून कळायला लागलं. समारंभांचे फोटो यांनी चार वर्षांपूर्वी सोडले, “गर्दी सोसवत नाही” म्हणून. पेपर मला मोठ्याने वाचायला लावायचे, मी त्यांना आळशी म्हणायचे. चिकटपट्टी! मी जिचं कौतुक सांगत फिरले ती! थोडंफार दिसत होतं तोवर यांनी खूण करून घेतली होती. आता नवी खूण करायला दुसऱ्याचा डोळा लागणार होता, आणि तो मागायचा तर सांगावं लागणार होतं. त्यापेक्षा त्या बॉडीला भंगार म्हणणं सोपं.

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं. रागाने माझा आवाज चिरकत होता.

“सांगितलं असतं तर तू दुकान बंद करायला लावलं असतंस.”

लावलंच असतं. दुसऱ्याच दिवशी.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध झीज आहे, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही, असं स्वच्छ सांगितलं. हे शांतपणे ऐकत होते. त्यांना नवीन असं काही नव्हतंच. रडले ती मी, आणि तेही डॉक्टरांच्या टेबलावरच्या कागदांवर.

आठवडाभर दुकान बंद होतं. मग मीच म्हटलं, “मी बघून देते ना. नवीन अंतर धरू, पुन्हा पट्टी लावू, बटण तुम्हीच दाबा.”

“पट्टी लावून मी फोटो काढत नव्हतो गं,” ते म्हणाले. “माणूस श्वास घेतो, पुढेमागे होतो. नशिबाने येत होते. आता बटणही तूच दाब. मी माणूस बसवतो.”

पहिले आले ते एक म्हातारे गृहस्थ, नुसत्या ओळखपत्रापुरते. यांनी त्यांच्या खांद्यांना हात लावून ते सरळ केले, दिवा बोटभर वळवला, त्यांच्या उन्हाने रापलेल्या गालावरून हात फिरवावा तसा उजेडाचा अंदाज घेतला. “कुणाला भेटायला निघालात असं समजा,” म्हणाले. म्हातारबाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी डोळा लावला, रिंग फिरवली, त्यांच्या बुबुळातला दिवा ठिपक्याएवढा झाला. दाबलं.

“बघा,” म्हणत मी कॅमेरा यांच्यापुढे केला. सवयच.

त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही. मान जराशी वळवून, डोळ्याच्या कडेने, माझ्या खुललेल्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हातारबाबांना म्हणाले, “उठा. फोटो छान आलाय.”