हात नको, डोळे चालतील

"हात नको. डोळे चालतील."

पार्किंगच्या फरशीवर पांढरी चादर अंथरताना तो हे एकदाच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा. मग गुडघ्यांवर बसून चादरीचा एकेक कोपरा तळहातानं सपाट करायचा. चादरीवर एक सुरकुती राहिली तरी त्याला चालायचं नाही. हे सगळं मनासारखं झालं की मगच तो पहिला पाना हातात घ्यायचा.

तो डेन्मार्कचा. माहुलच्या बाजूला एका कारखान्यात मोठाले पंप बसवायचं काम होतं, त्यासाठी आला आणि आमच्या चेंबूरच्या सोसायटीत भाड्यानं राहिला. सामान म्हणाल तर दोन बॅगा. त्याच्या मागून मात्र बोटीनं एक लाकडी खोकं आलं आणि त्यातून निघाली ती मोटारसायकल. आम्ही मोटारसायकली काय पाहिल्या नव्हत्या? पण ही म्हणजे म्हैस होती हो. आमच्या वॉचमननं तिला पहिल्या दिवशी सलाम ठोकला, मालक अजून वरच होता तरी.

ते मराठी वाक्य त्याचं स्वतःचं. आधी मी त्याला "कृपया हात लावू नये" असं शिकवलं होतं. ते त्यानं चारदा घोकलं आणि नाक मुरडलं. मग कुठून कुठून शब्द गोळा करून त्यानं हे छोटं वाक्य जुळवलं, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरं जुळवलं.

त्याला त्या वाक्याची गरजही होती. त्याच्या देशात म्हणे माणूस गाडी दुरुस्त करत असला की लोक लांबून जातात. त्याच्या कामात अडथळा नको म्हणून. आपल्याकडे उघडं इंजिन दिसलं की पुढच्या पाच मिनिटांत सभा भरते. रविवारी सकाळी तो चादर अंथरायचा आणि दूध आणायला निघालेली माणसं दूध विसरून तिथंच उभी राहायची. "कार्बन धरला असेल." "ऑइल बदलून बघ ना यार." "आमच्या मेव्हण्याच्या बुलेटला सेम प्रॉब्लेम." कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची आणायचं आणि मग स्वतःच तिच्यावर बसायचं. चहा यायचा. तो चहा घ्यायचा, मान डोलवायचा आणि कुणाचंही काही न ऐकता आपलं काम करत राहायचा.

मदत मात्र घ्यायचा नाही. एकदा जड मागचं चाक एकट्यानं बसवताना त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. चार माणसं धावली. "माझं मी," तो दात आवळून म्हणाला. चार माणसं परत जागेवर जाऊन उभी राहिली आणि चाक बसल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोसायटीत त्याच्यावर नाराज असणारा माणूस एकच, सेक्रेटरी साळवी. पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामं करायची नाहीत, असा आमचा नियम आहे. हा नियम साळवींनीच केला आणि आजवर तो एकट्या साळवींनीच पाळला. ते रोज खाली यायचे, चादरीजवळ वाकून जवळून फोटो काढायचे आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे. खाली लिहायचे, 'अतिक्रमण चालू. सभासदांनी नोंद घ्यावी.' सभासद अंगठा दाखवून मोकळे व्हायचे.

आणि माझी आई. आई माहुलच्या कोळीवाड्यातली. तिच्या वडिलांची मासेमारीची होडी होती आणि इंजिनाच्या वासात ती लहानाची मोठी झाली. ती प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन सगळ्यात पुढे बसायची आणि त्याच्याशी आपल्या बोलीत बोलायची. तो तिला त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा. दोघांचं काय चालायचं ते मला आजही सांगता येणार नाही, पण चालायचं झकास. त्याच्याकडची कागदी फडकी तिला अजिबात पटली नाहीत. "याच्यान पुसतस? तुकडं रवतान ना आतमंदी," म्हणाली आणि घरात जाऊन आपल्या जुन्या लुगड्याचे तुकडे घेऊन आली. मऊसूत झालेलं ते सुती कापड त्यानं बोटांमध्ये चोळून पाहिलं, आणि चहा सोडून पहिल्यांदाच कुणाकडून काहीतरी घेतलं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला. त्यानं इंजिनाचा वरचा भाग उघडला. आत नाण्याहून लहान अशा पोलादी चकत्या असतात, दिसायला सगळ्या सारख्या, पण जाडीत केसभर फरक. प्रत्येकीची जागा ठरलेली. एकीची जागा दुसरीला दिली की इंजिन बिघडलंच म्हणून समजा. हे सगळं त्यानं मला इंग्रजीत समजावून सांगितलं तेव्हा मी विचारलं, "लक्षात कसं ठेवता?" त्यानं चादरीकडे बोट दाखवलं. जिथून जे निघालं ते तिथल्याच जागी चादरीवर. चादर म्हणजे उघडून पसरलेलं इंजिनच होतं.

एक सुटा भाग डेन्मार्कहून यायचा होता, म्हणून काम अडलं होतं. तो एरवी वाट बघण्यात पटाईत होता, पण या वेळी रोज कुरियरची चौकशी करू लागला. मी कारण विचारलं. पाना पुसता पुसता तो म्हणाला, "मुलगी येत्येय."

त्याला मुलगी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. नवरा-बायको वेगळे झालेले, मुलगी आईकडे. तिच्या शाळेच्या शेवटच्या दिवशीचा मोठा समारंभ होता आणि हा कुठल्याशा बंदरात पंप बसवत राहिला. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. दोन वर्षं. आणि आता तिचा एका ओळीचा निरोप आला होता, 'मोटारसायकलवरून फिरवणार असशील तर येते.' त्यानं समुद्राकाठानं कोकणात न्यायचं कबूल केलं होतं. "गाडी नाही तर काही नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज असा झालेला मी आधी ऐकला नव्हता.

भाग आला. मुलगी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी येणार होती. खंडेनवमीच्या सकाळी तो चादरीवर दुसरी चादर पांघरून कामावर गेला. संध्याकाळी येऊन इंजिन जोडायचं, दसऱ्याला चालवून बघायचं, असा बेत.

आता खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आईनं सकाळी विळी, कोयता, माझं शिलाईमशीन, सगळं पुजलं. मग तिला त्याची आठवण झाली. परक्या मुलखातला माणूस, याची हत्यारं कोण पुजणार? ताम्हण घेऊन ती खाली गेली. चादर उचलली तर काय, एवढी लखलखीत हत्यारं. पण मांडली होती अगदी वेडीवाकडी, असं तिला वाटलं. पूजेची मांडणी कशी हवी? मोठं मागे, लहान पुढे. मग तिनं आणि तळमजल्यावरच्या बायकांनी मिळून सगळं नीट लावलं. मधोमध चकत्यांचं सुरेख कमळ केलं. प्रत्येक तुकड्याला हळदकुंकू, वर अक्षता, भोवती झेंडूची फुलं. मीसुद्धा वरून पाहिलं आणि किती छान, असंच म्हणाले. माझी अक्कल कुठे गेली होती देव जाणे.

तो संध्याकाळी आला. आई हौसेनं त्याला घेऊन गेली. त्यानं चादरीकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. मग खाली बसला, कमळातली एक चकती उचलली, तिच्यावरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं आणि ती पुन्हा होती तिथं ठेवली. "फार सुंदर," तो आईला म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

मला तेव्हा कुठे चादरीवरच्या जागा आठवल्या. मी मागोमाग धावले. प्रत्येक चकती पुन्हा बसवून, मोजून, काढून, जागा शोधायला आठवडा तरी लागेल असं त्यानं सांगितलं. आईला हे कळलं तेव्हा ती खुर्चीवर बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. "पोरीची नि बापाची मीच वाट लावली गो," एवढंच म्हणत राहिली.

तोवर बातमी बिल्डिंगभर झाली होती. सभा भरली, पण सल्ला कुणी देईना. आणि गर्दीतून साळवी पुढे आले. घसा खाकरला. "माझ्याकडे फोटो आहेत," म्हणाले. "पुराव्यासाठी काढलेले."

रोजचे फोटो. वाकून, जवळून, पुरावा स्पष्ट हवा म्हणून भरपूर उजेडात काढलेले. प्रत्येक चकतीवर तिच्या जाडीचा बारीक आकडा कोरलेला असतो आणि त्यानं आकड्याची बाजू वर ठेवली होती. साळवींनी फोटो बोटांनी मोठा केला. आकडे दिसत होते, आणि कुठला कुठे होता तेही. त्या माणसानं साळवींना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा वाकडा झाला.

चादर झटकून पुन्हा अंथरली. तो कोपरे सपाट करायला वाकला, थांबला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "आज हात पाहिजेत." मग कोण घाई! साळवी फोटो बघून आकडे वाचायचे, बायका चकत्या शोधून पुसून द्यायच्या, तो जागेवर ठेवायचा. आई अक्षतांचा एकेक दाणा वेचत होती. इंजिनाची भोकं त्यानं लुगड्याच्या बोळ्यांनी बुजवली होती म्हणून आत काही गेलं नव्हतं. काम करता करता तो मला हळूच म्हणाला, "ती लहान असताना अशीच शेजारी बसायची. मी तिला कधी हात लावू दिला नाही. काय मूर्ख होतो मी." मी पुढची चकती पुसून त्याच्या हातावर ठेवली.

दसऱ्याला गाडी सुरू झाली. टकटक नाही, नुसता घुमणारा आवाज. साळवींनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला आणि खाली काहीच लिहिलं नाही. हँडलला आईनं तोरण बांधलं. या वेळी आधी विचारून.

पुढच्या वर्षी त्याचं काम संपलं. गाडी पुन्हा खोक्यात गेली, तोही गेला. त्याच्या जागेवर आता कुणाची तरी पांढरी मोटार उभी असते. रविवारी दूध आणायला निघालेली माणसं सरळ दूधच घेऊन येतात, आणि ते मला अजून चुकल्यासारखं वाटतं.

पण मला तो आठवतो तो कोकणातून परतला त्या संध्याकाळचा. जाताना मुलगी मागची कडी धरून ताठ बसली होती आणि दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. आठवड्यानं गाडी फाटकातून आत आली. दोघंही उन्हानं भाजलेली, धुळीनं माखलेली. आम्ही सगळे नेहमीसारखे जमलो. त्यानं इंजिन बंद केलं, हेल्मेटं उतरली, पण दोघंही खाली उतरेनात. ती त्याच्या खांद्यावरून पुढे वाकून काहीतरी तावातावानं सांगत होती, तो मान वळवून तिचं म्हणणं खोडून काढत होता, मग ती हसली, मग तो, आणि पुन्हा ती बोलतच सुटली. आमच्यातलं कुणीही पुढे गेलं नाही. साळवींनी सगळ्यांना मागे सरायची खूण केली. आम्ही एकेक करून आपापल्या जिन्यानं वर गेलो, आणि खाली त्या थांबलेल्या गाडीवर बापलेक बोलत बसली होती.