टेपचे दुमडलेले टोक

आपल्या मराठी मंडळाच्या गेल्या स्मरणिकेत शंकरअण्णांविषयी लिहिताना मी म्हटले होते की, कुलकर्णीकाकूंच्या गाडीतला दोष मुनिराजू मेकॅनिकांच्या हातून राहिला. ते खोटे आहे. दोष माझा होता. अण्णांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात आधी एवढे दुरुस्त करते.

अण्णांची ओळख बाबांमुळे झाली. बाबा घरांचे वायरिंग करत आणि मी पहिली वायर त्यांच्याकडेच सोलली. टेप गुंडाळून झाली की शेवटचे टोक आत दुमडायचे, म्हणजे पुढच्या माणसाला ते नखाने सोडवता येते, ही आमच्या घरची सवय. सहा वर्षांपूर्वी बाबा मला शिवाजीनगरात अण्णांच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. निपाणीहून इथे येऊन गाड्यांच्या वायरिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या अण्णांनी माझे काम पाहिले आणि त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "सरी, ठीक आहे. हात बरा आहे. घाई तेवढी घरी ठेवून ये."

अण्णा अंदाजाने काहीही बदलत नाहीत. काकूंची गाडी बनशंकरीहून ओढून आणली, तेव्हा किल्ली फिरवली की नुसता टक् आवाज येई. मी नवी बॅटरी सुचवली.

"बॅटऱ्या काय काकूंच्या परसात झाडाला लागतात?" अण्णांनी विचारले आणि मीटर काढला.

बॅटरी ठीक निघाली. मग त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनाला लावून मला किल्ली फिरवायला सांगितले. शून्याजवळ राहायला हवा तो आकडा चारावर गेला. म्हणजे वीज परतीच्या वाटेवर अडत होती. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणाऱ्या अर्थच्या वायरीवरची टेप अण्णांनी नखाने सोडवली. खाली, बोल्टपाशी गंज तसाच होता. टेपचे टोक दुमडलेले होते. दोन महिन्यांपूर्वी ती वायर मीच बसवली होती. मुनिराजूंनी त्यानंतर फक्त ब्रेकचे काम केले होते.

अण्णांनी पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. "घास," एवढेच म्हणाले. मी गंज घासला, बोल्ट आवळला, गाडी लगेच सुरू झाली.

संध्याकाळी काकू आल्या तेव्हा अण्णा घरी गेले होते. "मुनिराजूनेच घोळ घातला असणार. आता त्याच्या दारात जायची नाही मी," काकू म्हणाल्या. मी होकारार्थी मान हलवली. पुढे तेच छापूनही आणले.

स्मरणिका वाचून अण्णा म्हणाले, "लेख छान आहे, अक्का. स्वल्प काम राहिलंय."

"कुठे, अण्णा?"

"टेपखाली बघ."

त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. बाबांनाही सांगितले नाही. माझी चूक माझ्याच हातून दुरुस्त व्हावी म्हणून ते थांबले आहेत, हे मला कळायला फार वेळ लागला.

अण्णांचे गुडघे त्यांना अजून पुष्कळ वर्षे बॉनेटपाशी उभे राहू देवोत, आणि मीटरचे आकडे त्यांना शंभरीतही स्पष्ट दिसोत. त्यांचा सत्कार रविवारी आहे. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी आधी बनशंकरीला काकूंकडे आणि तिथून मुनिराजूंच्या गॅरेजात जाणार आहे.