हळद लागलेली धनुष्यं

"ताई, मला ह्यात माझा चेहरा दिसला पाहिजे," असं म्हणून सरांनी धनुष्य माझ्या नाकासमोर धरलं.

चेहरा बघायला आरसा घ्या की, धनुष्य ओढायला असतं. हे मनात. तोंडाने म्हटलं, "बघू या सर." चौल-रेवदंडा पट्ट्यात मुंबईकरांच्या बंगल्यांचे दरवाजे आणि झोपाळे पॉलिश करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. 'नॅचरल लुक ठेवा, पण चमकलं पाहिजे' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही, भूक लागते.

सरांचं चौलला नारळीच्या वाडीत रिसॉर्ट. पाहुण्यांसाठी तिथे तिरंदाजी सुरू करायची होती, आणि तीही 'ऑथेंटिक', म्हणजे हाताने बनवलेल्या लाकडी धनुष्यांची. ती बनवली होती उरणच्या जनार्दन म्हात्रेने. हा आधी बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. कंबर गेली, घरी बसला आणि मोबाईलवर बघत बघत लाकडाच्या नि बांबूच्या पट्ट्या चिकटवून धनुष्यं करायला लागला. वैशालीने, म्हणजे त्याच्या बायकोने, बरेच दिवस ऐकून घेतलं. मग बजावलं, दसऱ्यापर्यंत ह्यातून काही निघालं तर ठीक, नाहीतर मुकाट्याने ट्रेलर. धनुष्यं पाहुण्यांना आवडली तर ती सांभाळायची आणि शिकवायची नोकरी देतो, असं सरांनी कबूल केलं होतं. सर गाडीत बसल्यावर त्यांच्याबरोबर आलेला जनार्दन मागे रेंगाळला. "ताय, मना परत ट्रेलरवर न्हाय जावाचा," एवढंच म्हणाला.

आता थोडं धंद्यातलं. आपल्याकडे लाकूड खारी हवा पिऊन घेतं. फुगतं, चिकटवलेलं सुटतं, धनुष्य मऊ पडतं. म्हणून लाकडाचं छिद्रन् छिद्र बंद करावं लागतं. त्यात गंमत अशी की डायनिंग टेबल वाकत नाही आणि धनुष्य दर बाणाला वाकतं. सरांना हवं होतं ते मेलामाइन, म्हणजे टेबलावरचं चकचकीत कडक पॉलिश. ते धनुष्यावर मारलं की ओढताना तडकणार आणि त्या भेगांतून दमट हवा आत शिरणार. मी एका फालतू पट्टीवर मारून दाखवलं, सरांसमोर वाकवलं. बारीक भेगांचं जाळं उठलं. सर म्हणाले, फोटोत छान दिसेल.

कसंबसं त्यांना पीयूवर आणलं. हे पॉलियुरेथेनचं पॉलिश, लवचिक असतं. एका डब्यात लॅकर, दुसऱ्यात हार्डनर, दोन्ही मापात मिसळून मारायचं. एक पातळ कोट, वाळला की हलका पॉलिश पेपर, पुन्हा कोट. पेपर हातात घेतला की जनार्दन माझ्या डोक्यावर उभा. पातं, म्हणजे धनुष्याची वाकणारी बाजू, जरा जरी जास्त घासलं तर लाकूड पातळ होतं आणि ओढ बदलते, हे त्याचं बरोबर होतं. पण सासूसुद्धा एवढं लक्ष ठेवत नाही हो.

शेवटचा कोट झाला आणि सर धनुष्यं न्यायला हजर. खंडेनवमी तोंडावर होती, दसऱ्याला उद्घाटन. बोट फिरवून म्हणाले, सुकलंय की. मी म्हटलं, सुकलंय, पिकलं नाहीये. आंबा आढीत वरून पिवळा दिसतो आणि आत आंबट असतो, तसं हे. आतून कडक व्हायला अजून दिवस लागतील. तोवर सावलीत टांगून ठेवा, गुंडाळू नका, काहीही लावू नका. काहीही म्हणजे काहीही. सर म्हणाले, "नो प्रॉब्लेम."

दसऱ्याला सकाळीच फोन. धनुष्यं पिवळी पडली, या.

गेले. बघते तर काय, आदल्या दिवशी फोटोग्राफर बोलावून साग्रसंगीत शस्त्रपूजन झालेलं. धनुष्यांना ओल्या हळदीची बोटं आणि झेंडूचे हार. कोवळ्या पीयूत हळद मुरली होती, पाकळ्या रुतून बसल्या होत्या. काहीही लावू नका म्हटलं होतं ना, असं विचारल्यावर कळलं की हळद 'काहीही'मध्ये येत नाही. मी वळून जनार्दनकडे बघितलं. त्याची बोटं पिवळी.

"हत्यार हाय ताय. पूजा न्हाय केली त कसा चालंल? ट्रेलरची बी करायचो."

मीही आदल्या दिवशी माझ्या स्प्रे गनला हार घातला होता.

सर म्हणाले, घासून काढा. मी सांगितलं, कोवळा कोट पेपरला चिकटून गोळा होईल आणि खाली लाकूड जाईल. धनुष्यं कामातून जातील. हळद उन्हाने आपोआप उडते, थोडे दिवस द्या. सर म्हणाले, पाहुणे संध्याकाळी आहेत.

पण सर काही साधे नाहीत. संध्याकाळी पाहुण्यांना त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की ही इथली पारंपरिक हळदीची फिनिश. पाहुणे हरखले. एका बाईंनी तर असं माझ्या टीपॉयला कराल का, म्हणून मला विचारलं. जनार्दनने बाण सोडला, बरोबर मधोमध बसला, टाळ्या पडल्या. सरांनी तिथल्या तिथे नोकरी पक्की केली. जनार्दनने कोपऱ्यात जाऊन वैशालीला फोन लावला आणि नाक ओढत बसला.

दिवाळी झाली आणि सरांचा फोन. आवाज चढलेला. "ताई, तुमचं फिनिश टिकलं नाही."

धावत गेले. पीयू खणखणीत पिकलेलं. पाणी ओतलं तर थेंब घरंगळून जात होते, एक भेग नाही. गेली होती ती हळद, उन्हाने. सर म्हणाले, पाहुणे तीच बघायला येतात. जनार्दनने पुन्हा लावून बघितली होती, पण आता फडकं फिरवलं की पुसली जायची. तेव्हा सरांनी मला शांतपणे विचारलं, "असं काही मिळेल का, जे कधी पिकणारच नाही?"

शेवटी हलका पेपर मारून पिवळा रंग घातलेला एक कोट दिला. जनार्दन त्यावरून पाहुण्यांना हळदीची परंपरा समजावतो. मागच्या खेपेला गेले तेव्हा ती त्याच्या पणजोबांपर्यंत पोचली होती.

ह्या धंद्यात एक शिकले. गिऱ्हाईक 'टिकाऊ पाहिजे' म्हणालं की डबा उघडायचा नाही. आधी विचारायचं, टिकवायचंय नेमकं काय? लाकूड की गोष्ट?