नदीत उभा राहिलेला लंबू

पलटणीत त्याला सगळे लंबू म्हणत. उंची अशी की घरी आई कौतुकानं सांगायची, "आमच्या थोरल्याला माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागत नाही." पण लढाईसाठी बोटीनं परमुलखात गेल्यावर तीच उंची त्याच्या जिवावर उठली. खंदक बेताच्या उंचीच्या माणसांच्या मापाचे. दिवसभर कंबरेत वाकून चालायचं, नाहीतर डोकं वर दिसून पलीकडून गोळी यायची. ब्लँकेट छातीवर ओढलं की पाय उघडे. त्याच्या मापाचे बूट तर कोठीत कधी आलेच नाहीत. "बाबा रे, तुझ्या पायाला होडीच हवी!" म्हणत कोठीवाला हात वर करायचा. शेवटी लंबूनं बुटांचे शेंडे कापून अंगठ्यांना चिंध्या गुंडाळल्या. बोटं काळीनिळी पडायची, पण त्यानं कधी कुरकुर केली नाही.

हिवाळा सरताना बर्फ वितळलं, नदीला लोंढा आला आणि पूल गेला. जखमी जवान पलीकडच्या काठावर अडकले. पिंपं बांधून तराफा केला, दोर ताणला. पण मधल्या ओढीत तराफा फिरून उलटायला लागला. तिथं कुणीतरी उभं राहून तो धरायला हवा होता.

"तिथं माणूस बुडेल," सुभेदार म्हणाले.

"माझ्या छातीपर्यंतच येईल, साहेब," म्हणत लंबूनं कोट उतरवला.

सकाळपासून तो त्या गारठ्यात पाय रोवून उभा. तराफा आला की खांद्यानं अडवायचा, सरळ करून पुढं लोटायचा. पायाला पट्ट्या बांधलेला एक जवान घाबरून म्हणाला, "लंबू, खाली खड्डा नाही ना रे?"

"खड्ड्यातच उभा आहे. तू हलू नकोस म्हणजे झालं!"

सगळे सुखरूप पार झाले. लंबूला मात्र दोघांनी ओढून बाहेर काढलं. पुढं डॉक्टरांना त्याच्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

तो लंगडत घरी परतला तेव्हा सोबतच्या जवानानं फलाटावरच वडिलांना सगळा प्रकार सांगितला. वडील मालधक्क्यावरचे हमाल, तोंडातून शब्द निघायची मारामार. पोरानं पलटणीत जायला त्यांचा सक्त विरोध होता. त्यांनी त्याची ट्रंक उचलून डोक्यावर घेतली. रस्त्यात मात्र दिसेल त्याला थांबवून ते सांगत सुटले, "हा आमचा थोरला. एकालाही वाहून जाऊ दिलं नाही त्यानं!"

"बाबा, पुरे आता," लंबू लाजून म्हणाला.

"तू गप्प बस," म्हणत वडील पुढच्या दुकानाकडे वळले.