धरून ठेवलेली केबल

जेवणाच्या टेबलावर दोन जुने कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले होते. प्रिंटर लावायच्या जागी जाड केबल लावून ते जोडले होते. एका बाजूचा स्क्रू तुटलेला, म्हणून तिथला प्लग माझे वडील, अण्णा, हाताने दाबून बसले होते. त्यांच्या हाताला कंप आहे. कोळीवाड्यांत हिंडून त्यांनी जमवलेले, आता कुणीच बोलत नाही असे शब्द त्यातल्या एका, शेवटच्या घटका मोजणाऱ्या मशीनमध्ये होते. दुसरी प्रत नव्हती; ते आम्ही शेजारच्या मशीनवर उतरवून घेत होतो.

"मी धरते ना, अण्णा."

"नको. तू पडद्याकडे लक्ष दे."

वाऱ्याने केबल हलेल म्हणून मी पंखासुद्धा बंद केला होता. अण्णांचा हात थरथरला की पडद्यावरची, किती उतरलं ते दाखवणारी पट्टी थांबायची आणि माझा श्वासही. भीती नुसत्या शब्दांची नव्हती. कुठला शब्द कुणी सांगितला, होडीत बसून की जाळं विणताना, सांगताना कोण हसलं, हे फक्त अण्णांच्या डोक्यात आहे. तिथे कुठलीच केबल जोडता येत नाही.

अखेर पट्टी भरली.

"झालं. सोडा आता," मी म्हणाले आणि 'सोडा' हा माझाच शब्द ऐकून दचकले.

"आधी उघडून बघ," अण्णा म्हणाले. "तोवर मी धरतो."

सगळं आलेलं दिसत होतं. तरी मी तसं सांगितलं नाही. एकेक पान सावकाश उघडत राहिले.