मनूला विमानात बसवताना

देवावर माझा विश्वास आहे, पण भरवसा जरा कमी होता. आमच्या घराशेजारच्या देवळात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. मी तिथे डोळे मिटून बसायचे आणि मनातल्या मनात देवाला कामं वाटून द्यायचे. हे आधी कर, ते उद्यापर्यंत होऊ दे. मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे दुसरी कोणती प्रार्थना जमतच नव्हती. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, पण जीभ तेज. त्या म्हणायच्या, "देवाची बी हजेरी घेते हे बाई!"

माझी लेक बंगळुरूला असते. तिचं दुसरं बाळंतपण फार अवघड गेलं, म्हणून तिची थोरली, अडीच वर्षांची मनू, आमच्याकडे मूल गावी राहिली. लेक आता सावरली होती, पण फोनवर मनूचं तोंड दिसलं की तिला बोलवत नसे. सासूबाईंना सोडून मला निघता येईना. शेवटी माझा मुलगा निखिल, म्हणजे मनूचा मामा, तिला विमानाने पोचवणार असं ठरलं. अडचण एकच होती. मनूच्या लेखी मामा हा फोनमध्ये राहणारा माणूस होता. ती ऐन वेळी त्याच्याकडे गेली नाही, तर मायलेकींची भेट पुन्हा लांबणार होती.

मी तयारीला लागले. कानांसाठी कापूस, तापाचं औषध, मुरमुऱ्याचे लाडू, जास्तीचे कपडे, सगळं एका पिशवीत घातलं. ओसरीवर ओळीने खुर्च्या मांडून विमान केलं. दोन दिवस आधी आलेल्या निखिलला शेजारी बसवलं आणि पट्ट्याची सवय व्हावी म्हणून मनूच्या कमरेला माझी ओढणी बांधली. इथेच माझं चुकलं. शेजाऱ्यांची बकरी रोज आमच्या समोरच्या खुंट्याला बांधलेली असते आणि मनू तिच्याशी तासन्‌तास बोलते. ओढणी आवळली तशी ती किंचाळली, "मी बकरी नाई!"

त्यानंतर विमान म्हटलं की ती पलंगाखाली शिरायची. निखिल हसत म्हणाला, "आई, लय तयारी करून राह्यली तू." मी त्यालाच रागावले.

नागपूरच्या विमानतळापर्यंत मी सोबत गेले. प्रवाशांशिवाय कोणाला आत सोडत नाहीत, त्यामुळे जे व्हायचं ते दारातच होणार होतं. निखिलने हात पुढे केले आणि मनूने माझ्या मानेला अशी मिठी मारली की सुटेना. समजावलं, लाडू दाखवला, आईचा फोटो दाखवला. रडणं वाढतच गेलं. मागे रांग खोळंबली. दारावरचा जवान भला होता, पण तोही घड्याळाकडे पाहू लागला. मला पुढचं काही सुचेना. देवाला काय सांगावं, तेही सुचेना. मी फक्त म्हटलं, "आता तूच बघ." इतकी छोटी प्रार्थना मी आजवर केली नव्हती.

आमच्या मागेच चिमूरकडची भजनी मंडळी उभी होती. दक्षिणेत देवदर्शनाला निघाली होती. त्यांच्यातले पांढऱ्या टोपीचे एक काकाजी पुढे आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मनूला म्हणाले, "काऊन रडतं व माय? भेव लागते? आमाले बी लागून राह्यला. कोनीच बसलो नाई इमानात."

मागून एक बाई म्हणाली, "रातभर झोपले नाई हे, पोरी!"

"तू चूप राह्य," म्हणत काकाजींनी पिशवीतून खंजिरी काढली आणि हलकेच थाप मारली. मनूचं रडणं मध्येच अडकलं. माझ्यासोबत देवळात रोज ऐकलेला तो आवाज तिच्या ओळखीचा होता. काकाजींनी खंजिरी तिच्यापुढे धरली. "हे सांभाळतं का माही? माहे हात भेवानं कापून राह्यले. आत गेल्यावर दे मले."

मनू माझ्या कडेवरून घसरत खाली उतरली. दोन्ही हातांनी खंजिरी पोटाशी धरली आणि काकाजींच्या मागे चालू लागली. निखिल तिच्यामागे धावला. जवानाने कागद पाहिले आणि ती आत गेली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मी हात हलवायला उचलला, तेव्हा कळलं की तयारीची अख्खी पिशवी माझ्याच खांद्यावर राहिली आहे.

पोचल्यावर निखिलचा फोन आला. विमानात त्या साऱ्या मंडळींनी एकमेकांना विचारत, हसत पट्टे बांधले. ते पाहून मनूने स्वतःच पोट पुढे केलं. "मले बी," म्हणाली. नंतर ती मामाच्या दंडावर झोपून गेली. फोनमागे माझी लेक रडत होती, हसतही होती आणि मनू नव्या बाळाला कुठे बोट लावावं, ते विचारत होती.

मी घरी आले तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मंग? तुले न इचारता केलं नं देवानं?"

"केलं, आई," मी म्हटलं.

काकाजींचं नाव विचारायचं राहून गेलं. तो चमत्कार होता असं मी म्हणत नाही. पण माझे हात रिकामे झाले, तेव्हाच त्याचा हात मला दिसला. तयारी मी आजही करते, स्वभाव जात नाही. फक्त देवळात बसले की आता कामं सांगत नाही. गप्प बसते. ऐकायला खूप काही असतं, असं हळूहळू कळतंय.